छतातली बाळंतीण

'माई, ईस्ट यॉर्कमध्ये जुनं घर घेऊन आम्हाला वर्ष झालं. गेले तीन-चार आठवडे रात्री बेडरूमच्या छतात धपधप पावलं वाजतात आणि मे महिना लागल्यापासून पक्ष्यांसारखी चिवचिवही ऐकू येते. वर रॅकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला इथला रानटी प्राणी) शिरलाय हे उघड आहे. नवऱ्याने पिंजरा मागवलाय. पकडून लांब उत्तरेच्या जंगलात सोडून यायचं, असा त्याचा बेत आहे. इकडे चिपळूणहून आलेल्या सासूबाई त्याच रॅकूनसाठी रोज संध्याकाळी डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, पोळी ठेवतात. तो ती मुलीच्या पाण्याच्या टबात बुडवून खातो. "हात धुतल्याशिवाय घास घेत नाही, तुमच्यापेक्षा बरा," हे त्या मला ऐकवतात. मुलगी 13 महिन्यांची आहे, दिसेल ते तोंडात घालते आणि डेकच्या कोपऱ्यात घाणीचा ढीग साठायला लागलाय. काही बोलायला गेलं की "मुक्या जिवाला घास घालणं पाप आहे का?" काय करू?
– झोपमोड झालेली सून, टोरोंटो'

अगं झोपमोडे,

पिंजरा ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात घालून परत पाठव. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आजच कर.

मे महिन्यात छतातून येणारी चिवचिव पक्ष्यांची नसते. ती पिल्लांची. तुम्ही ज्याला 'तो' म्हणताय ती 'ती' आहे आणि तुमच्या बेडरूमवर बाळंत झालेली आहे. हिवाळा सरता सरता यांचं जुळतं, 63 दिवसांच्या आसपास गर्भ राहतो आणि एप्रिल-मेमध्ये बहुतेक तीन ते पाच पिल्लं होतात. डोळे उघडायलाच त्यांना तीनेक आठवडे लागतात. बाप या सगळ्यात कुठेही नसतो. आता विचार कर, तुझ्या नवऱ्याने पिंजऱ्यात पोळी ठेवली तर आत कोण सापडेल? आई. मग वर काय उरेल, ते लिहीत नाही. दहा-बारा दिवसांनी वासावरून कळलंच असतं.

शिवाय ते बेकायदा आहे. ऑन्टॅरिओत, म्हणजे आपल्या प्रांतात, पकडलेला रॅकून 24 तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. हा नियम लोकांना विचित्र वाटतो. 'एक किलोमीटरवर सोडून उपयोग काय, परत येईल की!' पण त्यामागे कारणं आहेत. एक तर रोग. रॅकूनमधली रेबीज ऑन्टॅरिओत 1999 मध्ये शिरली, 2005 नंतर दिसेनाशी झाली आणि डिसेंबर 2015 मध्ये हॅमिल्टनला परत उगवली. तेव्हापासून सरकार विमानातून आणि हाताने लशीची आमिषं टाकत बसलंय. आजारी जनावर गाडीत घालून कोणी शंभर किलोमीटर नेलं की त्या सगळ्या मेहनतीवर पाणी. दुसरं कारण त्या जनावराचंच. यॉर्क विद्यापीठाच्या सुझॅन मॅक्डोनाल्ड यांनी शहरातल्या रॅकूनच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घालून पाहिलं, तर मोठा रस्ता ते सहसा ओलांडतच नाहीत. चार गल्ल्या हेच त्यांचं गाव. अशा प्राण्याला जंगलात सोडणं म्हणजे दादरच्या माणसाला ताडोबात उतरवून 'जा, मोकळा झालास' म्हणण्यासारखं आहे. आणि इकडे तुमच्या छताचं भोक तसंच राहिलं, तर महिन्याभरात दुसरी भाडेकरू हजर.

आता भोक बंद करण्याविषयी. यात मी स्वतः पोळलेली आहे, म्हणून जरा लांबण लावते. आम्ही पहिलं घर घेतलं तेव्हा आमच्याकडेही असंच झालं होतं. ह्यांनी शनिवारी दुपारी शिडी लावली, छपराच्या कडेखालच्या सॉफिटला पडलेलं नारळाएवढं भोक शोधलं आणि वर प्लायवुड ठोकून खाली आले. 'पाच मिनिटांचं काम!' रात्री अकराच्या सुमारास डोक्यावर असा काही कडकडाट सुरू झाला की मला वाटलं झाड पडलं. ती बाहेर चरायला गेलेली, पिल्लं आत. तिने प्लायवुडचा नाद सोडला आणि सरळ वरून छपराच्या शिंगल्स, म्हणजे कौलांसारख्या पट्ट्या, उपटायला घेतल्या. आत पिल्लं रडत होती. माझा धाकटा तेव्हा चार महिन्यांचा होता, त्यामुळे त्या रडण्यातली भूक मला नेमकी कळत होती. शेवटी मीच ह्यांना पहाटे तीनला शिडीवर चढवलं आणि फळी काढायला लावली. उजाडताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, ती एकेका पिल्लाला मानगुटीला धरून कुंपणावरून शेजारच्या मेपलच्या ढोलीत नेत होती. चार फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा परत आली, आत जाऊन सगळीकडे बघून रिकामीच बाहेर पडली आणि मग गेली ती गेली. अंगणात शिंगल्सचे तुकडे बटाट्याच्या सालांसारखे पडले होते. छपराचं बिल मी इथे सांगत नाही, ह्यांना अजून लागतं.

त्या पहाटे मला जे कळलं तेच तुला सांगते: तिला राहायला दुसऱ्या जागा असतात. एखादी ढोली, कुणाच्या पोर्चखालची पोकळी, एखादं धुराडं. छत तिला आवडतं कारण तिथे ऊब, अंधार आणि शांतता आहे. यातल्या दोन गोष्टी काढून घेतल्या की तीच बिऱ्हाड हलवते. अ‍ॅटिकच्या, म्हणजे माळ्याच्या, झाकणाजवळ दिवसा प्रखर दिवा लावून ठेव आणि एक रेडिओ. रेडिओवर गाणी नको, बडबड हवी. माणसं सतत बोलताहेत म्हटल्यावर तिला पिल्लांची काळजी वाटते. हे तीन-चार दिवस न चुकता करायचं, रात्री बाहेर तिच्या वाटेत उभं राहायचं नाही आणि पिल्लं बघायला म्हणून कोणीही वर चढायचं नाही. व्हिडिओ काढायलाही नाही. डांबरगोळ्या टाकायचा सल्ला तुला कोणीतरी देणारच. टाकू नकोस. ती वाफ तिच्या पिल्लांच्या आधी खाली झोपलेल्या तुझ्या पिल्लाच्या नाकात जाईल. अमोनियाचंही तेच.

दिव्या-रेडिओने ती हलली नाही, तर तुझ्यापुढे दोन वाटा. एक म्हणजे थांबायचं. बायकांचा सव्वा महिना, हिचा आठ-दहा आठवड्यांचा. जूनच्या अखेरीला पिल्लं आईमागून चालत बाहेर पडायला लागतात. तेव्हा भोकावर एकतर्फी झडप बसवायची, म्हणजे आतून ढकलून बाहेर येता येतं, बाहेरून आत जाता येत नाही. ही झडप आत्ता बसवलीस तर माझ्यासारखी शिंगल्स वेचत बसशील. दुसरी वाट म्हणजे हे काम करणाऱ्या लोकांना बोलवायचं. फोनवर एकच प्रश्न विचार: 'पिल्लांचं काय करता?' पिल्लं हाताने काढून, ऊब राहील अशा पेटीत घालून छपरावर आईसाठी ठेवतो, असं उत्तर आलं तर पुढे बोल. 'पिंजरा लावतो' म्हणाले तर फोन ठेव. फुकट सल्ला हवा असेल तर टोरोंटो वाइल्डलाइफ सेंटर आहे, तिथली मंडळी जाणती आहेत. तुझ्या घरात लहान मूल आहे आणि तुझी झोप उडालीये, म्हणून मी तुझ्या जागी असते तर रेडिओला एक आठवडा दिला असता आणि मग दुसऱ्या वाटेला लागले असते.

छत झालं. आता डेक. माझ्या मते तुझ्या पत्रातली सर्वांत गंभीर ओळ छताची नाहीच, ती कोपऱ्यातल्या घाणीची आहे आणि तू ती अगदी शेवटी, ओझरती लिहिलीयेस.

रॅकून ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा घाण करतात. सपाट जागा बघतात: डेक, सरपणाचा ढीग, गॅरेजचं छप्पर. त्यांच्या आतड्यात एक गोलकृमी असतो. त्याची अंडी त्या घाणीतून पडतात. ताजी असतात तेव्हा ती बाधत नाहीत, दोन ते चार आठवड्यांनी बाधणारी होतात आणि मग मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत आणि डोळ्यांपर्यंत जाऊ शकतात. असं क्वचितच होतं, घाबरवायला सांगत नाही. पण होतं ते बहुतेक माती आणि काड्या तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना. म्हणजे नेमकं तुझ्या 13 महिन्यांच्या बाईसाहेबांना.

म्हणून उद्याच साफ कर. आईंना, म्हणजे तुझ्या सासूबाईंना, करू देऊ नकोस, त्या केरसुणी घेतील आणि कोरडंच झाडतील. कोरडं झाडलं की धूळ उडते. टाकून देता येतील असे हातमोजे, तोंडावर मास्क, पायात रबरी बूट. आधी घाणीवर हलकं पाणी मार. मग फावड्याने उचलून दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात. नंतर त्या जागेवर उकळतं पाणी ओत. नळाचं गरम नाही, खळखळ उकळलेलं. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत, हे लक्षात ठेव, कारण आपला हात आधी ब्लीचकडेच जातो. पाण्याचा तो टबही उकळत्या पाण्याने धुऊन काढ आणि रात्री उपडा करून घरात ठेव. आणि दर दोन-तीन दिवसांनी कोपरा बघत जा. ताजी घाण लगेच उचलली तर धोका उरतच नाही.

आता आपण हात धुण्याकडे येऊ, कारण तुझं खरं भांडण तिथे आहे.

आईंचं निरीक्षण चांगलं आहे, निष्कर्ष चुकलाय. पण तो त्यांच्या एकट्यांचा नाही. जर्मन लोक याला 'धुणारं अस्वल' म्हणतात, शास्त्रीय नावातल्या 'लोटोर'चा अर्थही धुणारा असाच. खरं म्हणजे ती धूत नाही, चाचपते. तिच्या पुढच्या पंजांना पाच-पाच लांब बोटं असतात आणि स्पर्शाचं ज्ञान घेणारा तिच्या मेंदूचा जो भाग आहे, त्यातला फार मोठा हिस्सा एकट्या या पंजांसाठी राखीव आहे. कातडी ओली झाली की बोटं आणखी तल्लख होतात. मूळचा हा प्राणी ओढ्याकाठचा. पाण्यात हात घालून दगडाखालचा खेकडा, झिंगा, बेडूक शोधणारा. एकदा मुद्दाम बघ: पोळी पाण्यात घोळवताना ती पोळीकडे बघत नाही. मान वर, नजर कुठेतरी कुंपणापलीकडे आणि हात पाण्यात आपलं काम करतायत. आपल्याकडे आजीबाई जपमाळ ओढताना अशाच दिसतात. इंग्रजी 'रॅकून' हा शब्दही व्हर्जिनियाकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलाय, हातांनी खरवडणारा अशा अर्थाचा. त्यांना आपल्याआधी कळलं होतं.

खाण्याचं म्हणशील तर ती काय खात नाही ते विचार. बेरी, द्राक्षं, मका, ओकची फळं, अंडी, गांडुळं, उंदीर, कुत्र्याचं खाणं, पक्ष्यांचे दाणे, बार्बेक्यूखाली साठलेली चरबी. शरद ऋतूत कुणाची हिरवळ सतरंजीसारखी गुंडाळलेली दिसली की समजायचं, खालच्या हुमणीसारख्या अळ्या खायला ही येऊन गेली. थंडीत ती अस्वलासारखी पडून राहते, पण खरी शीतनिद्रा नसते. ऊन पडलं की उठते. हिवाळाभर अंगातल्या चरबीवर जगायचं असतं आणि निम्मं वजन उतरू शकतं. तेव्हा पोळीवाचून तिचं अडलेलं नाही. तुमच्या डेकवरून ती उपाशी गेली तर दरीकडे, डॉन नदीच्या काठी जाईल. तिथे तिचं सगळं आहे.

ग्रीन बिनचं, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्याचं, दोन ओळींत आटोपते. 2016 मध्ये टोरोंटो शहराने रॅकूनला उघडता येऊ नयेत म्हणून फिरवायच्या कुलपाचे नवे बिन वाटले, कोट्यवधी डॉलर खर्च झाले, तेव्हाचे महापौर जॉन टोरी यांनी जणू युद्ध पुकारल्याच्या थाटात ते जाहीर केलं. कारण काय, तर हिला आपल्यासारखा अंगठा नाही. दोन वर्षांत कुणीतरी बिन आडवा पाडून कुलूप फिरवणाऱ्या मादीचं चित्रण केलंच. तरी कुलूप नीट लावलेलं असलं तर बहुतेक जणी हार मानतात. बिन गॅरेजमध्ये ठेव, रात्री नव्हे, सकाळी बाहेर काढ.

तर, आईंशी कसं बोलायचं. 'तुमच्या पोळीमुळे घाण होते' असं म्हणू नकोस. ते खरं आहे, पण ते त्यांच्या घासावर बोट ठेवल्यासारखं होईल. बिचाऱ्या परक्या देशात दिवसभर घरात असतात, दारात गाय नाही, कावळाही ओळखीचा नाही, मग घास घालायचा कुणाला? संध्याकाळी ठरलेल्या वेळी कुणीतरी येतं, दोन हातांत पोळी धरून माणसासारखं बसून खातं. मलाही लळा लागला असता. या शहरालाच लागलेला आहे. 2015 च्या जुलैमध्ये यंग स्ट्रीटच्या फूटपाथवर एक मेलेला रॅकून तासन्‌तास तसाच पडून होता, तर लोकांनी त्याच्याभोवती फुलं, चिठ्ठ्या, मेणबत्त्या, एक फ्रेममधला फोटो ठेवून त्याचं कॉनराड असं नावही ठेवलं. पालिकेची गाडी यायला रात्र झाली.

त्यापेक्षा त्यांना चिपळूणचं विचार. 'आई, तुमच्याकडे माळ्यावर उदमांजर येतं ना? त्याला कोणी पोळी वाढतं का?' हसतील बघ. कोकणात उदमांजर कौलांवर बिया टाकतं, फणस-पपई फस्त करतं, रात्री माळ्यावर धुमाकूळ घालतं आणि लोक पत्रे वाजवून त्याला हाकलतात. पण मारायला सहसा कोणी उठत नाही. ते त्याच्या जागी, आपण आपल्या. हे अंतर त्यांना मुळातच ठाऊक आहे. इथे फक्त प्राणी नवा असल्यामुळे विसरायला झालंय. मग सांग की वर बाळंतीण आहे. 'बाळंतीण' हाच शब्द वापर. ती रोज इथे जेवली तर पिल्लांनाही माणसाच्या दाराची सवय लागेल आणि उद्या कुणीतरी दुसरा पिंजरा लावेल, तो परत न करणारा. आणि शेवटचं म्हणून सांग की एप्रिल 2023 पासून टोरोंटोत स्वतःच्या अंगणातही रानटी प्राण्यांना खायला घालायला मनाई आहे. हे मात्र नवऱ्याला सांगू दे. मुलाच्या तोंडून कायदा बरा वाटतो, सुनेच्या तोंडून तोच टोमणा होतो. पक्ष्यांना दाणे घालायला हरकत नाही, दाणे सांडणार नाहीत अशी टांगणी घ्या आणि ती रात्री आत आणा. आईंना कार्डिनल दाखव. नर लालभडक असतो, जोडीने येतात, वेळाही पाळतात.

पोळी बंद झाल्यावर ती काही दिवस येऊन दारापाशी बसेल. काचेवर हातही लावेल. आईंना तेव्हा आत टीव्हीसमोर बसव. आठवड्याभरात येणं थांबतं.

एवढ्यात दिवसाढवळ्या ती अंगणात दिसली तर 'रेबीज, रेबीज' करून ओरडू नका. अंगावर पिणारी पिल्लं असलेल्या आईला दिवसाही भूक लागते. चाल नीट असेल, माणूस बघून ती सटकत असेल, तर ठीक. मात्र झोकांड्या खात असेल, गोल गोल फिरत असेल, डोळ्यांतून घाण वाहत असेल, जवळ गेलं तरी हलत नसेल, तर मुलीला आत घ्या आणि शहराच्या 311 या मदत क्रमांकावर फोन करा. टोरोंटोत असं दिसलं तर बरेचदा तो डिस्टेंपर नावाचा विषाणूजन्य आजार असतो. तो माणसाला होत नाही, पण लस न दिलेल्या कुत्र्याला होतो. चावलं किंवा ओरबाडलं तर मात्र विचार करत बसायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे.

बिऱ्हाड हललं असं वाटलं तरी लगेच जाळी ठोकू नका. भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसा बसवून ठेवा. ती अजून आत असेल किंवा परत येत असेल, तर तो बोळा सकाळी खाली पडलेला असतो. सलग तीन रात्री जागचा हलला नाही आणि छतात पिल्लांचा आवाज नाही, म्हणजे घर रिकामं. मग जाड तारेची वेल्ड केलेली जाळी स्क्रूने पक्की करायची. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी नको, ती हिच्यासाठी शेवया आहेत. रोज सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात जाऊन तो बोळा जागेवर आहे का ते बघायचं काम आईंकडे दे. चष्मा घालून, खालूनच. शिडीवर नाही.

– माई